वमन करून घेताना: तुपाच्या पहिल्या घोटापासून विम्याच्या फायलीपर्यंत

२०२५ च्या मार्चमध्ये कोल्हापुरातल्या एका आयुर्वेद रुग्णालयात मी वमन, म्हणजे औषध देऊन उलटी करवण्याचा पंचकर्मातला उपचार, करून घेतलं. तक्रार जुनाट सर्दीची होती. सकाळी उठल्या उठल्या शिंका, चोंदलेलं नाक, घशात सतत चिकटून राहणारा कफ, आणि थंडी सरली की हे सगळं दुप्पट. आधी चौकशी केली तेव्हा जो तो एवढंच सांगायचा की ‘ओकाऱ्या काढायला लावतात’. ते ओकणं तास-दीड तासाचं असतं. वमन साधणार की फसणार, हे त्याआधीच्या तुपावर आणि नंतरच्या पेजेवर ठरतं, आणि नेमकं त्याबद्दल कुणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ऋतूचं. हेमंत-शिशिरात साठलेला कफ वसंतातल्या उन्हानं पातळ होतो, अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावतो, आणि सर्दी-खोकला-दमा डोकं वर काढतात. साठलेला दोष असा स्वतःहून सुटायला लागलेला असताना तो बाहेर काढणं सोपं जातं, म्हणून वमन चैत्राच्या आसपास, विरेचन (जुलाब देणं) शरदात आणि बस्ती (औषधी एनिमा) पावसाळ्यात, अशी जुन्या ग्रंथांपासूनची सर्वसाधारण रीत आहे. आजार निकडीचा असेल तर वैद्य ऋतूसाठी थांबत नाहीत. माझं काही अडलेलं नव्हतं. जोतिबाची चैत्र यात्रा १२ एप्रिलला होती. त्याआधी सगळं उरकून पथ्यातूनही मोकळं व्हायचं, असं ठरवून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली भेट घेतली.

रुग्णालय निवडताना मी जाहिरातीतल्या ‘पंचकर्म पॅकेज’चा विचार केला नाही. मसाज आणि वाफ देणारी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. वमन मात्र पंचकर्मात एमडी केलेल्या किंवा त्याचा चांगला सराव असलेल्या वैद्यांच्या समोरच व्हायला हवं. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी म्हणजे साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि तिचा क्रमांक केसपेपरवर छापलेला असतो. तो बघायला संकोच करू नये, पुढे विम्यालाही तोच लागतो. आणखी एक गोष्ट मी थेट विचारली: वमनाच्या वेळी नाडी आणि रक्तदाब कोण बघणार, सलाईन लावायची वेळ आली तर सोय आहे का? उत्तर द्यायला जे कुरकुर करतील तिथे वमन करून घेऊ नये.

पहिल्या भेटीत प्रश्नच प्रश्न होते. रोज पोट साफ होतं का, कडक होतं का, दूध प्यायल्यावर जुलाब होतात का, जेवणाच्या वेळेला खरी भूक असते की सवयीनं बसता? हे कोष्ठपरीक्षण, म्हणजे कोठा हलका की जड ते बघणं. मृदू (हलका) कोष्ठ असेल तर तीन दिवसांच्या तुपात माणूस स्निग्ध, म्हणजे आतून तुपाळ, होतो, क्रूर (जड) कोष्ठाला सात दिवस लागतात. नंतर हिमोग्लोबिन, साखर, यकृत-मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे असं सांगितलं. बाहेरच्या लॅबमध्ये हे सगळं दोन हजारांच्या आसपास बसलं. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, जठरातला व्रण, कधी उलटीतून रक्त पडलेलं असणं, हर्निया, गरोदरपण, फार अशक्तपणा, लहान किंवा फार उतारवय, यांपैकी काहीही असेल तर वमन देत नाहीत. ते लपवून पुढे जाणं जिवावर बेतू शकतं. ॲलोपॅथीची औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नये. माझा नाकातला स्प्रे वैद्यांनी आहे तसाच चालू ठेवला.

१७ मार्चपासून दीपन-पाचन सुरू झालं. जेवणाआधी चित्रकादी वटी, जेवणानंतर त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), दिवसभर सुंठीचं कोमट पाणी. याचं काम साधं: आम, म्हणजे अर्धवट पचलेलं अन्न, पचवणं आणि अग्नी पेटवणं. जिभेवरचा पांढरा थर गेला, ढेकर स्वच्छ आले, वेळेवर कडकडून भूक लागली, की तुपाला हिरवा कंदील. पोटात आम असताना तूप पाजलं तर ते पचत नाही आणि पुढचं सगळं बिघडतं. रंगपंचमी याच काळात आली. गार पाण्यात भिजायचं टाळलं.

२१ मार्चला स्नेहपान, म्हणजे दोष सैल करण्यासाठी रोज वाढत्या मात्रेत तूप पिणं, सुरू. वातासाठी तूप सैंधव घालून, पित्तासाठी नुसतं, आणि कफ फार असेल तर त्रिकटू नि यवक्षार (जवाच्या राखेचा क्षार) घालून द्यायचं, असा सुश्रुताचा नियम आहे. मला तिसऱ्या प्रकारचं मिळालं. चांगलं गायीचं तूप, पातळ होईल एवढंच गरम केलेलं. पहिल्या दिवशी ३० मिली, मग ६०, ९०, १२० आणि पाचव्या दिवशी १५० मिली. हे आकडे प्रत्येकाला हेच असतील असं नाही. आदल्या दिवशीचं तूप किती तासांत पचलं यावर दुसऱ्या दिवसाची मात्रा ठरते. साधारण सहा तासांत पचेल ती ह्रस्व मात्रा, बारा तासांत मध्यम, चोवीस तासांत उत्तम.

स्नेहपान घरी होतं, आणि नेमकी इथेच गडबड होते. तूप सूर्योदयानंतर लगेच, रिकाम्या पोटी घ्यायचं. नाक धरून दोन-तीन मोठ्या घोटांत संपवलेलं बरं, रेंगाळलं की मळमळ वाढते. वर गरम पाणी, गरम पाण्याच्याच गुळण्या, आणि ओठ-टाळू पुसायला स्वच्छ कापड. लिंबाची फोड नुसती हुंगली तरी उमाळा थांबतो. त्यानंतर भूक लागेपर्यंत काहीही खायचं नाही. घड्याळात दहा वाजले म्हणून चहा-पोहे, हे चालत नाही. तूप पचल्याची खूण म्हणजे ढेकरात तुपाचा वास न येणं, अंग हलकं वाटणं, आणि सपाटून लागलेली भूक. तोवर थोडं डोकं जड होणं, तहान, आळस हे येतं. तहान लागली तर गरम पाणीच प्यायचं. गार पाणी प्यायलं की तूप आत थिजतं, पोट फुगतं आणि दिवस वाया जातो. दुपारची झोप, पंख्याखाली बसणं, मोटारसायकलवरून वाऱ्यात हिंडणं, सगळं बंद. रुग्णालयानं एक छापील तक्ता दिला होता: तूप घेतल्याची वेळ, पहिला शुद्ध ढेकर, भुकेची वेळ, काय खाल्लं, शौच कसं झालं. तो रोज भरून संध्याकाळी फोटो पाठवायचा. वैद्य मॅडमचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, “भूक कधी लागली?” चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भूक लागली नाही, तेव्हा त्यांनी रात्रीचं जेवण सरळ बंद करून सुंठीचं गरम पाणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भूक आल्यावरच पुढची मात्रा दिली. भूक लागेल तेव्हा मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, तेही गरम. या दिवसांत दही, तळलेलं, मिसळ, सगळ्याला रजा.

सम्यक स्निग्ध झाल्याची लक्षणं पाचव्या दिवशी आली. शौच सैल आणि तेलकट, त्वचा मऊ, आणि तुपाचा वास आला तरी नकोसं वाटणं. हा स्नेहोद्वेग चांगली खूण आहे. सात दिवसांपलीकडे तूप देत नाहीत, कारण मग ते शरीराला सवयीचं होतं आणि दोष सोडवण्याचं काम करत नाही.

२६ मार्चला सकाळी दाखल झालो. हा मधला विश्रामाचा दिवस. विरेचनाआधी तीन दिवसांचं अंतर ठेवतात, वमनाआधी एकच. सर्वांगाला तिळाच्या तेलाचा अभ्यंग, मग निर्गुंडी-दशमुळांच्या काढ्याची वाफ. पेटीत डोकं बाहेर असतं, डोळ्यांवर आणि छातीवर गार फडकं ठेवतात. कपाळाला घाम आला की थांबवतात. आतापर्यंत जे जे वर्ज्य होतं ते त्या संध्याकाळी मुद्दाम खायला दिलं: दहीभात, उडदाचे वडे, दुधाची खीर. दूध गंगावेशीतल्या कट्ट्यावरून आणलेलं, म्हशीचं, साईसकट. कफ उचंबळून आमाशयात जागेवर सैल झाला, तरच सकाळी तो सहज वर येतो. रात्री जेवण लवकर, झोप पुरेशी, आणि मनात भीती असेल तर तशी सांगून टाकायची. भीतीनं घसा आवळला की वेग, म्हणजे उलटीचे उमाळे, अडकतात.

२७ मार्च, गुरुवार. वमन सकाळी सहा ते दहाच्या कफकाळात करतात. रसाची व्यवस्था आदल्या दिवशीच लावून ठेवली होती. आकंठ पिण्यासाठी दूध किंवा उसाचा रस वापरतात. कफाच्या रुग्णाला रस बरा, मधुमेह असेल तर रस नाही. आपल्याकडे उसाची कमतरता नाही, पण रसवंत्या पहाटे उघडत नाहीत. शिवाय तिथल्या रसात आलं, लिंबू आणि बर्फ असतो, यांतलं काहीही चालत नाही. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरून पहाटे काढलेला रस गाळून, झाकून आणला. शिळा रस दोन-चार तासांत आंबायला लागतो, तो वापरू नये.

पुन्हा अभ्यंग आणि वाफ. मग तूप घातलेली थोडी पेज. नाडी, रक्तदाब, श्वसन तक्त्यावर लिहिलं. गुडघ्याएवढ्या उंचीच्या खुर्चीवर बसवलं, गळ्यात टॉवेल, समोर मापाच्या खुणा केलेली बादली. मग ग्लासामागून ग्लास रस, घशाशी येईपर्यंत. शेवटचे दोन ग्लास फार जड जातात, पण पोट पुरतं भरलेलं नसेल तर कोरडे उमाळे येतात आणि छाती दुखते, म्हणून तिथे कसूर करू नये.

त्यावर मुख्य औषध. मदनफळाच्या बियांचं चूर्ण पाच ग्रॅमच्या आसपास, त्याच्या निम्मं वेखंड, त्याच्या निम्मं सैंधव, आणि चाटण होईल एवढा मध. मदनफळ म्हणजे आपलं गेळ. चरकानं याची तयारी बारकाईनं सांगितली आहे. पिकलेली फळं वसंत आणि ग्रीष्माच्या संधीकाळात गोळा करायची, कुशात बांधून वरून शेण लिंपायचं, आठ रात्री धान्याच्या राशीत पुरून ठेवायची, मग सुकवून आतल्या बिया काढायच्या, त्यांना तूप, दही, मध आणि तिळाचा कल्क चोळून पुन्हा वाळवायच्या. माल जुना, किडलेला असेल तर मात्रा वाढवावी लागते आणि वेग नीट येत नाहीत. औषध कुठलं आणि केव्हाचं, हेही विचारण्यासारखं आहे.

चाटण घेतल्यावर वाट बघायची, एका मुहूर्ताएवढी म्हणजे जास्तीत जास्त ४८ मिनिटं. काय काय होईल ते ग्रंथात क्रमानं दिलं आहे आणि तसंच झालं. आधी कपाळाला घाम, म्हणजे दोष वितळला. मग अंगावर काटा, म्हणजे जागचा हलला. पोट तट्ट फुगलं, म्हणजे कोष्ठात आला. आणि तोंडाला पाणी सुटून मळमळ, म्हणजे वर निघाला. पहिला वेग आपोआप आला. परिचारिका मावशींनी एका हातानं कपाळ धरलं आणि दुसऱ्यानं पाठ खालून वर चोळली. मी जोर लावायला लागलो की त्या म्हणायच्या, “जोर लावू नगासा, येतंय आपसूक.” तेच बरोबर आहे. जबरदस्तीनं काढलं तर घशाला इजा होऊन रक्त येऊ शकतं.

दोन वेगांच्या मधे ज्येष्ठमधाचा कोमट फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी) ग्लास भरभरून दिला जातो. पहिल्या वेगात नुसता रस आणि औषध पडलं. तिसऱ्यापासून तारा सुटणारा पांढरा कफ, मग तो पातळ होत गेला. शेवटी सैंधवाचं कोमट पाणी दिलं आणि सहाव्या वेगात कडू, पिवळं पित्त आलं. मॅडमनी तिथेच थांबवलं. चार वेग म्हणजे हीन शुद्धी, सहा मध्यम, आठ प्रवर, असं मोजतात. बरेच जण आठाचा आकडा धरून बसतात. वेगांची संख्या, घेतलेल्या आणि पडलेल्या द्रवाचं माप, शेवटी पित्त दिसणं, आणि शरीरावरची लक्षणं, अशा चार मापांनी शुद्धी पाहतात. मला त्यांतलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छाती, घसा, डोकं आणि बरगड्या हलक्या वाटल्या, थकवा असूनही तरतरी आली, की झालं. पित्त आल्यावरही पाजत राहिलं तर अतियोग होतो: चक्कर, फार तहान, पायात गोळे, क्वचित रक्त. उलट नुसतं औषध पडलं आणि अंगाला खाज, जडपणा राहिला, तर तो अयोग. घरच्या घरी मिठाचं पाणी पिऊन ओकण्याला वमन समजू नये, आणि स्वतः गेळफळ आणून तर अजिबात घेऊ नये.

सगळं आटोपल्यावर कोमट पाण्यानं तोंड-हात धुऊन थोडा आराम, मग हळदीच्या धूमवर्तीचा धूर. तो नाकानं घ्यायचा, तोंडानं सोडायचा. घशात राहिलेला कफ त्यानं सुटतो. त्या दिवशी मोठ्यानं बोलणं, फार वेळ बसणं, चालणं, दिवसा झोपणं, वाहनातले धक्के, राग, सगळं वर्ज्य. भेटायला येणाऱ्यांना आधीच नको म्हणून सांगितलेलं सोयीचं पडतं, कारण आपले लोक आले की बोलायला लावतातच.

यानंतर संसर्जन क्रम, म्हणजे टप्प्याटप्प्यानं नेहमीच्या जेवणावर येणं. शोधनानंतर अग्नी अगदी नाजूक असतो, त्याला थोडं थोडं घालून मोठं करायचं. मध्यम शुद्धीला प्रत्येक पदार्थ दोन अन्नकाळ (जेवणाच्या वेळा), प्रवरला तीन, हीनला एक. म्हणजे मला गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी सकाळी पेया, पुढचे दोन अन्नकाळ विलेपी, मग दोन यूष (मुगाचं कढण), मग दोन मांसरस. पेया म्हणजे एक वाटी तांदळाला चौदा वाट्या पाणी, शितं मऊ होईपर्यंत शिजवलेली पातळ पेज. विलेपीला चार वाट्या पाणी, ती दाट असते. तांदूळ वर्षभर जुना हवा, आणि कोरडाच किंचित भाजून घेतला की आणखी हलका होतो. आजऱ्याचा जुना घनसाळ मिळाला तर पेजेचा वासच असा येतो की नुसती पेजही गोड लागते. यूषाला एक भाग मूग आणि सोळा भाग पाणी. पहिल्यांदा मीठ-तुपाशिवायचा अकृत, दुसऱ्यांदा तूप, सैंधव आणि सुंठ घातलेला कृत. मांसरसासाठी आपल्याकडे वेगळं काही शिकायला नको, मटणाचं अळणी पाणी असतंच. पण तांबडा-पांढऱ्यासाठी काढतो तसं तेलावर परतलेलं नको. मटण पाण्यात हळद-सैंधव घालून शिजवायचं, वरची चरबी काढायची आणि नुसतं पातळ पाणी प्यायचं. नारळाच्या दुधातला, काजू-खसखशीतला पांढरा रस्सा त्या आठवड्यात पचत नाही. शाकाहारी माणसाला त्याऐवजी कृत यूषच पुढे चालू ठेवतात.

रविवारी ३० मार्चला पाडवा होता. घरात श्रीखंड-पुरी आणि माझ्या वाट्याला मुगाचा यूष. मोह होतो, पण वमनानंतर पथ्य मोडणारा माणूस आधीपेक्षा आजारी पडू शकतो. जेवायला नेहमीसारखी सुरुवात सोमवारी रात्री केली, भाकरी, दोडका, वरण, आणि तेही दोन घास कमी. त्यापुढचा महिनाभर रात्रीचं दही, गार दूध, आंबवलेलं आणि दुपारची झोप बंद. पहिले पंधरा दिवस गर्दीचा प्रवासही नको सांगितला होता, म्हणून त्या वर्षी जोतिबाला गेलो नाही. पहाटेच्या शिंका बऱ्याच कमी झाल्या, सकाळी घसा मोकळा असतो. धूळ उडाली की नाक अजूनही चोंदतं. त्यासाठी पुढे नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणं, सांगितलं आहे.

आता खर्च आणि कागद. दाखल होणं, अभ्यंग-स्वेदन (मालिश आणि वाफ), वमन, औषधं मिळून सोळा हजारांच्या घरात गेले. तपासण्या आणि घरचं तूप वेगळं. आयुष (आयुर्वेद, योग, युनानी, होमिओपॅथी वगैरे) उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीनं धरा, असं विमा नियामकानं कंपन्यांना ३१ जानेवारी २०२४ ला सांगितलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. म्हणून दावा करता येतो, पण अटी नीट बघाव्यात. रुग्णालय ‘आयुष रुग्णालया’च्या व्याख्येत बसायला हवं: किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र वैद्य, उपचारांचे स्वतंत्र कक्ष आणि रोजच्या नोंदी. शिवाय आजाराचं निदान हवं. नुसतं आरोग्य राखण्यासाठी किंवा ‘डिटॉक्स’ म्हणून केलेलं पंचकर्म बहुतेक पॉलिसीत बसत नाही. घरी घेतलेल्या तुपाचे दिवसही दाव्यात धरले जात नाहीत, दाखल होतो तेवढाच काळ.

कॅशलेस मिळालं नाही, म्हणून आधी पैसे भरून नंतर दावा केला. दाखल होण्याआधी कंपनीला ईमेलनं कळवलं होतं आणि त्याची पोच जपून ठेवली होती. कागद असे लागले: डिस्चार्ज कार्ड, आतल्या नोंदींच्या केसपेपरच्या शिक्का मारलेल्या प्रती, मूळ बिलं आणि पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, महापालिकेकडच्या रुग्णालय नोंदणीच्या दाखल्याची प्रत, वैद्यांचा नोंदणी क्रमांक, रद्द केलेला धनादेश, ओळखपत्र. बिलात ‘पंचकर्म पॅकेज’ एवढी एकच ओळ असेल तर ते परत येतं. खाटेचं भाडं, वैद्यांची फी, अभ्यंग, स्वेदन, वमन, औषधं, असं वेगवेगळं लिहून घ्यायचं. तरीही कंपनीकडून प्रश्न आलाच: हे बाह्यरुग्ण म्हणून का केलं नाही? त्याला मॅडमनी लेटरहेडवर उत्तर दिलं की वमनाच्या वेळी आणि नंतर नाडी, रक्तदाब आणि शरीरातल्या क्षारांवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून दाखल करणं गरजेचं होतं. सोबत वमनाच्या दिवशीचा वेग आणि नाडीचा तक्ता जोडला. मेच्या शेवटी पैसे खात्यात आले. जेवण आणि काही किरकोळ वस्तू वजा झाल्या होत्या. डिस्चार्जच्या दिवशीच तो तक्ता आणि केसपेपरची प्रत मागून घ्या. नंतर मागायला गेलं की रेकॉर्ड रूमचे हेलपाटे सुरू होतात, आणि पुढच्या वर्षी नस्य किंवा विरेचन करताना नव्या वैद्यांना तुमचा कोष्ठ आणि तुपाची मात्रा कळायला तेच कागद लागतात.